गायीला कोण शिकवतं?

पारोळा तालुक्यातून एका ५९ वर्षांच्या ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. घरी कपाशीची शेती, गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. मुलगा नाशिकला कंपनीत, सून बी. फार्म. झालेली. सुनेची आई ती सहा वर्षांची असतानाच वारली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. शहरातल्या दवाखान्यात सिझर झालं, बाळ सात दिवस काचेच्या पेटीत होतं. नात आता अकरा आठवड्यांची आहे.

ताईंची तक्रार अशी, की सुनेला बाळाची ओढच नाही. बाळ रडलं की आधी मोबाईल उघडते. न्हाऊ कसं घालायचं, ढेकर कसा काढायचा, सगळं त्यात बघून. पाजायला बसली की घामाघूम होते, पुरत नाही म्हणून वरचं दूध सुरू केलं. मग बाळ सासूच्या हातात देते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. कधी रात्री मुसमुसते. जावा म्हणतात, पेटीतल्या त्या सात दिवसांतच माया तुटली. ताई लिहितात, "गायले कोन शिकाडस? व्याली की चाटायला लागते. मुक्या जनावराला उपजत येतं ते शिकलेल्या बाईला येत नसेल, तर तिच्यात मायाच नाही असं समजायचं का?" त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. नात आपल्याकडे ठेवून सुनेला नाशिकला नोकरीवर पाठवायचं, किंवा व्याह्यांना बोलावून तिला चार शब्द सुनवायचे. यातलं काय करू, असं त्या विचारतात.

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग दिसला, दुसऱ्यांदा काळजी. अकरा आठवडे नातीला न्हाऊमाखू घालून, सुनेला डिंकाचे लाडू करून, वर गोठाही सांभाळून तुम्ही दमला असाल. तेव्हा जरा टेकून वाचा, माझं उत्तर लांबणार आहे.

सुरुवात तुमच्याच गोठ्यापासून करते. तुम्ही गायीचं उदाहरण दिलंत, पण ती गाय कितव्या वेताची? चाळीस वर्षं गोठ्यात काढलेल्या बाईला पहिलारू म्हणजे काय ते मी सांगायला नको. पहिल्यांदाच व्यालेली म्हैस कधी वासराला हुंगून बाजूला होते, सडाला तोंड लावू देत नाही, लाथ झाडते. अशी एखादी तरी तुमच्या दावणीला आली असेलच. तेव्हा आपण काय करतो? वासराच्या अंगावर मीठ किंवा पीठ भुरभुरतो, म्हणजे ती चाटेल. कोणीतरी तिच्या मानेखाली खाजवत उभं राहतं, दुसरं वासराला सडाशी धरतं. "पहिलारू आहे, चार दिवसांत येईल अंगवळणी" असं म्हणतो. या म्हशीत मायाच नाही, असं म्हणून तिला बाजाराला काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हशीला आपण चार दिवस देतो, ताई.

उपजत काही नसतंच, असं मात्र मी म्हणत नाही. आता आंब्यावर कोकीळ ओरडू लागला असेल. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात. पिलू कावळ्याच्या चोचीतून खातं, दिवसभर कावकाव ऐकतं, आणि मोठं झाल्यावर ओरडतं ते मात्र कुहूकुहूच. त्याला कोणी शिकवलं नाही. इतकं स्वच्छ उपजत असलेलं निसर्गात सापडतं. पण त्यावरून सगळंच तसं असेल, असं धरून चालण्यात चूक होते.

सुगरणीचं बघा. खोप्याबद्दल खान्देशात नवं काही सांगायची सोय नाही, आपल्याकडे ते केव्हाच सांगून झालंय. तरी एक गोष्ट सांगते. नाव आपण बाईचं दिलं, पण विहिरीवर लोंबणारा तो खोपा विणतो नर. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास कोकणात किहीमला बसून हे बारकाईनं पाहिलं. नर अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन आत-बाहेर तपासते, पसंत पडला तरच पुढचं काम. आता विणायची ओढ उपजतच, त्यात शंका नाही. पण आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांवर निकोलस आणि एल्सी कोलियास या जोडप्यानं वर्षानुवर्षं काम केलं, त्यात असं दिसलं, की ज्या कोवळ्या नरांना लहानपणी हिरवी पाती खेळायला मिळाली नाहीत, त्यांना पुढे धड विणता येईना. पाती फाडायची, सोडायची, पुन्हा ओवायची, अशी खटपट करूनच हात बसतो. हात म्हणजे चोच. विणायची खाज जन्माची, वीण मात्र सरावाची.

आईपणाचंही बरंचसं असंच आहे, आणि हे मी मनाचं सांगत नाही. उंदराची जी मादी कधी व्यालीच नाही, तिच्यापुढे पिलं ठेवली तर ती सुरुवातीला लांब पळते. रोझेनब्लॅट या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६७ साली दाखवलं, की अशा मादीला रोज पिलांच्या सोबतीत ठेवलं तर साधारण आठवडाभरात ती त्यांना गोळा करते, चाटते, पोटाशी घेऊन बसते. नरसुद्धा हे करू लागले. गर्भ नाही, बाळंतपण नाही, दूध नाही, नुसता सहवास. २०२१ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्याही पुढचं पाहिलं. न व्यालेली उंदरी आरपार दिसणाऱ्या पडद्याआडून पिलं सांभाळणाऱ्या आईकडे नुसती बघत राहिली, तरी ती पिलं उचलून आणायला शिकली. पडदा अपारदर्शक केला तेव्हा शिकली नाही. आणि एकत्र ठेवलं, तर आई उंदरी तिला ढकलत ढकलत पिलांच्या घरट्याकडे नेई.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की गायीला शिकवायला कोणी शाळा काढत नाही हे खरं. व्याताना शरीरात जो बदल होतो, जो वास येतो, त्यानं ती वासराकडे ओढली जाते. पण ती कळपात वाढलेली असते, दुसऱ्या गायी व्यालेल्या तिनं पाहिलेल्या असतात, आणि पहिल्या वेतापेक्षा दुसऱ्या वेताला ती जास्त शहाणी असते. राहिलेली कसर तुम्ही मिठाची चिमूट टाकून भरून काढता. त्या चिमटीला आपण शिकवणं म्हणत नाही, इतकंच.

आता तुम्हाला विचारते. तुमच्या पाठीवर किती भावंडं होती? माझ्या पाठीवर तीन. आठव्या वर्षापासून कोणी ना कोणी माझ्या कडेवर असे. आई पाय पसरून त्यावर धाकट्याला न्हाऊ घालायची तेव्हा मी पाण्याचा तांब्या धरून समोर असे. मान कशी धरायची, पाण्याची धार कुठून सोडायची, हे मला कोणी 'शिकवलं' नाही असं मलाही वाटायचं. शिकवणी चालू होती, फक्त तिला वेळ आणि नाव नव्हतं. त्यामुळे जे डोळ्यांनी शिकलो तेच आपल्याला जन्मजात वाटू लागतं.

तुमच्या सुनेच्या वाट्याला हा तांब्या धरायचा काळ बहुधा आलाच नाही. तुमच्या चार पानांत तिच्या आईबद्दल एकच ओळ आहे, तीही बाळंतपण सासरी का केलं हे सांगण्यापुरती. सहाव्या वर्षी आई गेली. पुढे ती कोणाजवळ वाढली, तिच्यासमोर कोणी लहान बाळ होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तिला कधी विचारलंही नसेल. रागावू नका. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या एका प्राणीसंग्रहालयात एक ओरांगउटान मादी होती, तिची आई ती वर्षाची व्हायच्या आत मेलेली. तिला पहिलं पिलू झालं तेव्हा तिनं त्याला जवळच घेतलं नाही. पुढच्या वेळी तिथल्या लोकांनी तिला पिलांना पाजणाऱ्या माद्यांचे व्हिडिओ दाखवले, आणि तिथे काम करणारी एक ओली बाळंतीण पिंजऱ्याबाहेर बसून तिच्यासमोर आपल्या बाळाला पाजायची. त्या वानर-आईनं ते बघितलं आणि पुढे आपल्या पिलाला घेतलं. सुनेची तुलना वानराशी करतेय असं समजू नका. गायीशी तर तुम्हीच केलीत!

तेव्हा तिच्या मोबाईलकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. जिला ओढच नाही ती बाई ढेकर कसा काढायचा हे रात्री दोन वाजता कशाला शोधेल? जे तिला घरात बघायला मिळालं नाही ते ती त्या चौकटीत बघतेय.

जावांचं म्हणणं घेऊ. सात दिवसांत माया तुटते का? मेंढीची तुटू शकते. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांना विचारा. कोकरू जन्मल्यावर काही तास आईपासून लांब राहिलं तर मेंढी त्याला पुष्कळदा ओळख देत नाही, कारण तिची ओळख वासावर आणि त्या पहिल्या घटकांवर बांधलेली असते. माणसाची तशी नाही. तशी असती तर दत्तक घेणाऱ्या एकाही आईला लेकरू आपलं वाटलं नसतं. पेटीतलं बाळ बघून आई घाबरते, त्याला हात लावताना बिचकते, हे होतं. तुमच्या सुनेला बाळ पहिल्यांदा काचेतून दिसलं, नळ्या लावलेलं. ती बिचकलेली आहे आणि बिचकणं जातं. त्याला बाळ अंगाशी हवं, लांब नव्हे.

दुधाचं जरा सविस्तर सांगते, कारण हा विषय तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. पान्हा चोरणं म्हणजे काय? धार काढणारा बदलला, कोणी काठी मारली, नवं कुत्रं गोठ्यात आलं, की कासेत दूध असून म्हैस सोडत नाही. बाईचंही तेच यंत्र आहे. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध वाहतं. भीती, दुखणं, लाज यांनी ते अडतं. पाजताना समोर सासू बसली आहे, दारातून जाऊबाई विचारतेय "येतंय का गं?", टाके ओढताहेत. म्हशीनंसुद्धा पान्हा चोरला असता. दुसरं, जितकं ओढलं जाईल तितकं बनतं. वरचं दूध वाढलं की बाळ कमी ओढतं, मग दूध आणखी घटतं, मग "बघा, पुरत नाहीच" असं सगळे म्हणतात. अकरा आठवड्यांनंतरही बाळाला वरचेवर छातीला लावून दूध वाढवता येतं. पण वरचं एकदम तोडू नका. बाळाचं वजन करून, डॉक्टरांच्या किंवा नर्सताईंच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा. आशाताईंनाही बोलवा. बाळंतपणानंतर पहिले ४२ दिवस त्या घरी येतात तो काळ सरला असेल, तरी त्यांना ठाऊक असतं कोणाकडे न्यायचं.

आणि हो, "मला तर पहिल्याच दिवशी पान्हा फुटला" असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दिवशी येतं ते चिकाचं, चमचाभर. भरून दूध यायला दोन-तीन दिवस लागतात, सिझरनंतर कधी त्याहून जास्त. तुम्हाला ते दोन-तीन दिवस आठवत नाहीत, कारण तेव्हा तुमच्या उशाशी तुमची आई होती. मला माझे आठवतात. माझं पहिलं बाळंतपण भुसावळला झालं. बाळ हातात दिलं तेव्हा मला काय वाटलं, तर झोप यावी असं वाटलं. बाकी काही नाही. पुढची पंधरा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, कारण आपल्यातच काही कमी आहे अशी माझी खात्री होती. मग एकदा धाकट्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "तुलाही?"

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. भिंतीकडे तोंड करून पडणं आणि रात्रीचं मुसमुसणं. बाळंतपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रडू येणं, मन हळवं होणं पुष्कळ जणींना होतं आणि जातं. पण अकरा आठवडे झाले तरी उदास आहे, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, जेवणात मन नाही, कशातच रस नाही, असं असेल तर हा आजार असू शकतो, आणि त्याला औषध आहे. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. तुमच्या गल्लीतसुद्धा असतील, कोणी बोलत नाही. या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या, शक्यतो मुलाला सोबत घेऊन. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिनं नाही लावला तर तुम्ही लावा. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचं किंवा बाळाला काही करण्याचं तिच्या तोंडून एकदाही निघालं, तर आठवडा नाही, त्याच दिवशी न्या. तोवर तिला एकटं सोडू नका.

हे आधी. मग तुमच्या दोन वाटा.

व्याह्यांना बोलावणं मला पटत नाही. लेक सहा वर्षांची असताना ज्या माणसाची बायको गेली, त्याला बोलावून "तुमच्या लेकीत माया नाही" म्हणायचं? ते मान खाली घालून ऐकतील, तिला चार शब्द बोलतील, आणि तिचं उरलेलं माहेरही तुटेल. त्यांना बोलवायचंच असेल तर नातीला बघायला बोलवा.

नात ठेवून घेणं याचा मात्र मी विचार केला. आजीकडे वाढलेली लेकरं आपल्याकडे घरोघरी आहेत आणि चांगली वाढलेली आहेत. बाळ एकाहून जास्त माणसांना जीव लावू शकतं. पुढे वर्षभरानं तिची नोकरी सुरू झाली, तिघांनी बसून ठरवलं, तर त्यात वावगं काही नाही. आत्ता मात्र नको. एक तर अंगावरचं दूध सुटेल. दुसरं, तिच्या कानात ते "तू नापास" असंच वाजेल. आणि जिला सरावाची गरज आहे तिच्याच हातातून काम काढून घेतलं तर हात बसायचा कधी? त्या विणकराच्या पिलाची पाती काढून घेण्यासारखं होईल ते. एक मात्र आहे. तपासल्यावर डॉक्टरांनी तिला काही दिवस पूर्ण विश्रांती सांगितली, तर बाळ तुमच्याजवळ राहू द्या. त्यात शिक्षा नसेल, शुश्रूषा असेल.

मग करायचं काय? तुम्ही हात दाखवायचे आणि मागे सरायचं. न्हाऊ घालताना तिला शेजारी बसवा, तांब्या तिच्या हातात द्या. दोन दिवसांनी तांब्या तुम्ही घ्या, बाळ तिच्या पायांवर. ती चुकेल, पाणी नाकाशी जाईल असं वाटेल, तुमचा हात पुढे होईल. खरा धोका नसेल तर थांबवा तो हात. बाळ रडलं की लगेच घेऊ नका, तिला उठू द्या, भले ती आधी मोबाईल बघो. पाजताना खोलीचं दार लोटून घ्या आणि जावांना ओट्यावर गप्पा मारायला बसवा. बाळ तिच्या उघड्या छातीवर नुसतं झोपवून ठेवायला सांगा, दूध येवो न येवो. नुकतं जन्मलेलं मूल आईच्या पोटावर ठेवलं तर खुरडत खुरडत आपणच स्तनापर्यंत पोचतं. या जोडीत उपजत शहाणपण जास्त कोणाकडे असेल तर ते बाळाकडे. त्याला मदत करू द्या.

आणि तुमच्या मुलाला शनिवार-रविवारी आल्यावर पाहुण्यासारखा बसवू नका. मघाशी सांगितलं ना, उंदराचे नरसुद्धा शिकले. रात्रीचं एक उठणं त्याचं.

एका बाबतीत तुम्हाला सुनेचं ऐकावं लागेल. मध चाटवायला ती नको म्हणाली म्हणून तुम्ही दुखावलात. ती बरोबर आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून एक दुर्मीळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो. घुटी नको, पाणीही सहा महिन्यांपर्यंत नको, कानात-नाकात तेल नको, आणि झोपवायचं पाठीवर. माझ्या आईनं आम्हा चौघांना मध चाटवला होता. मी माझ्या नातवाला नाही चाटवला, आणि आईनं दोन दिवस अबोला धरला.

आखाजी दीड महिन्यावर आली. लेकी माहेरी येतील, गावात झोके बांधले जातील. आई गेल्यापासून तिच्यासाठी आखाजीला कोणी झोका बांधला होता का, ते तिला विचारा. नसेल बांधला, तर तुमच्या दारच्या निंबाला बांधा. आणि ती झोक्यावर बसेल तेव्हा नातीला खुशाल तुम्ही धरा.